हॅम्लेटच्या डेन्मार्कमध्ये डॅनिश नावं किती?

शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' हे नाटक घडतं डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या किल्ल्यात. पहिल्याच प्रवेशात पहाऱ्यावरचे शिपाई भेटतात. त्यांची नावं बर्नार्डो आणि फ्रान्सिस्को, म्हणजे एक इटालियन वळणाचं आणि दुसरं स्पॅनिश. त्यांच्याबरोबरचा मार्सेलस रोमन. राजा क्लॉडिअस, म्हणजे हॅम्लेटचा काका, तोही रोमन. म्हातारा मंत्री पोलोनिअस, म्हणजे लॅटिनमध्ये 'पोलंडचा'. त्याची मुलं लेअर्टीस आणि ऑफेलिया, दोन्ही नावं ग्रीक. नॉर्वेच्या राजपुत्राचं नाव फ्रेंच. त्या काळच्या डेन्मार्कच्या दरबारात खरोखर ऐकू येणारी नावं शोधली तर ठळकपणे दोनच सापडतात: रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न, हॅम्लेटचे जुने सोबती. ही दोघं कथेत इतकी दुय्यम आहेत की ती मेल्याचं शेवटी इंग्लंडचा राजदूत येऊन सांगतो, आणि ते ऐकायला राजाही जिवंत उरलेला नसतो.

ही सरमिसळ समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते. या नाटकातली नावं एका वेळी, एका माणसाने बसून ठेवलेली नाहीत. मूळ कथा शेक्सपिअरच्या चारशे वर्षं आधीची आहे. त्या कथेतली फक्त दोन नावं नाटकापर्यंत टिकली, हॅम्लेट आणि त्याची आई गर्ट्रूड. बाकी सगळी १६०० च्या आसपासच्या लंडनच्या प्रेक्षकाला काय ओळखीचं वाटेल या हिशेबाने आली, आणि त्यातलीही काही छापताना बदलली. त्यामुळे 'या नावाचा अर्थ काय' हा पहिला प्रश्न नव्हे. 'हे नाव कोणत्या टप्प्यावर आलं' हा पहिला प्रश्न.

मूळ कथा आणि तिच्यातली माणसं

सॅक्सो ग्रामाटिकस नावाच्या डॅनिश लेखकाने डेन्मार्कचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, 'गेस्टा डॅनोरम'. हे काम १३ व्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं आणि १५१४ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा छापलं गेलं. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागात आम्लेथची गोष्ट आहे.

डेन्मार्कमधल्या जटलंडचा कारभार होर्वेंडिल आणि फेंगो या दोन भावांकडे असतो. होर्वेंडिल नॉर्वेच्या कोलर नावाच्या राजाला द्वंद्वात मारतो आणि डेन्मार्कचा राजा रोरिक याची मुलगी गेरुथा हिच्याशी लग्न करतो. त्यांचा मुलगा आम्लेथ. फेंगो भावाला मारून गेरुथेशी लग्न लावतो. हा खून लपूनछपून होत नाही. तो सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तिथे नाटकातल्यासारखं मेलेल्या बापाच्या भुताने येऊन काही सांगण्याची गरजच पडत नाही. जीव वाचवायला आम्लेथ वेडाचं सोंग घेतो, राखेत लोळतो, चुलीपाशी बसून लाकडाचे आकडे तासत राहतो. त्याला भुलवायला एक तरुणी पाठवली जाते. आईच्या खोलीत फेंगोचा एक मित्र गवताखाली लपून बसतो, आम्लेथ त्याला भोसकतो, तुकडे करून उकळतो आणि डुकरांना घालतो. मग दोन सोबत्यांबरोबर त्याला ब्रिटनला धाडतात. सोबत्यांजवळ लाकडावर कोरलेला, त्याला मारण्याचा निरोप असतो. तो खाडाखोड करून त्या दोघांनाच फासावर चढवतो. परत येतो तेव्हा त्याच्याच श्राद्धाचं जेवण चालू असतं. झिंगलेल्या दरबाऱ्यांवर आईने विणलेला पडदा टाकून, तो त्या जुन्या आकड्यांनी आवळून, तो महालाला आग लावतो आणि फेंगोला मारून राजा होतो.

इथे नावं असलेली माणसं मोजा. भुलवणाऱ्या तरुणीला नाव नाही. गवताखाली लपलेल्याला नाही, दोन सोबत्यांनाही नाही. मित्र होरेशिओ नाहीच. लेअर्टीसही नाही. म्हणजे ऑफेलिया, पोलोनिअस, रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न ही पात्रं जुनी आहेत, पण त्यांची नावं नवी. शेक्सपिअरने ही गोष्ट थेट सॅक्सोकडून घेतली की नाही यावर वाद होतात. फ्रेंच लेखक बेलफोरे याने १५७० मध्ये ती सांगितली होती, आणि तिथे राणीचे दिराशी संबंध खुनाच्या आधीपासूनचे आहेत. नाटकातलं भूत राजाला 'व्यभिचारी' म्हणतं, ते या वळणाशी जुळतं.

आम्लेथचा हॅम्लेट, आणि हॅम्नेटचा घोटाळा

आम्लेथ हे नाव सॅक्सोहूनही जुनं आहे. आइसलंडच्या स्नोरीने १२२० च्या सुमारास रचलेल्या 'एड्डा'मध्ये स्नॅब्यॉर्न नावाच्या कवीच्या ओळी दिल्या आहेत. त्यांत समुद्राला 'आम्लोदीची चक्की' म्हटलं आहे. नऊ सागरकन्या ती फिरवतात आणि किनाऱ्यावरची वाळू म्हणजे आम्लोदीचं पीठ. या आम्लोदीची कथा काय होती ते त्या ओळींतून कळत नाही. पण आइसलंडिक भाषेत 'आम्लोदी' हा शब्द पुढे बावळट, कुचकामी माणसासाठी रुळला. वेडाचं सोंग घेणाऱ्या नायकाला हे नाव मिळालं, यात संबंध असणार हे उघड आहे. तो नेमका कसा जोडायचा यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही.

आता घोटाळ्याकडे. शेक्सपिअरच्या एकुलत्या मुलाचं नाव हॅम्नेट होतं. तो आणि ज्युडिथ ही जुळी भावंडं, दोघांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १५८५ ला झाला. हॅम्नेट अकरा वर्षांचा असताना वारला, दफनाची नोंद ११ ऑगस्ट १५९६ ची. नाटक १६०० च्या आसपासचं. यावरून 'बापाने गेलेल्या मुलाचं नाव नाटकाला दिलं' ही समजूत तयार झाली आणि ती भावनेला इतकी पटते की पुसायला जड जातं.

तारखा मात्र वेगळं सांगतात. १५८९ मध्ये टॉमस नॅश या लेखकाने एका प्रस्तावनेत रक्तबंबाळ सूडनाट्यांची टिंगल करताना 'हॅम्लेट'चा उल्लेख केला आहे. तेव्हा लहानगा हॅम्नेट चार वर्षांचा आणि जिवंत होता. नाट्यव्यावसायिक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत ९ जून १५९४ ला 'हॅम्लेट'च्या प्रयोगाचे ८ शिलिंग जमा आहेत. १५९६ मध्ये टॉमस लॉज एका फिकट चेहऱ्याच्या माणसाचं वर्णन करतो: नाटकात 'हॅम्लेट, सूड घे!' असं कालवं विकणारीसारखं किंचाळणाऱ्या भुतासारखा. म्हणजे शेक्सपिअरचं आज आपल्या हाती असलेलं नाटक येण्याआधी याच नावाचं, याच कथेचं एक नाटक रंगमंचावर होतं. ते हरवलं आहे. नाव तिथून आलं.

मग मुलाच्या नावाचा काहीच संबंध नाही का? नाव ठेवण्याशी नाही. पण त्या काळी वॉरिकशरमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मुलखात, हॅम्नेट आणि हॅम्लेट ही एकाच नावाची दोन उच्चारणं होती, दोन्ही 'हॅमो' या जुन्या नावाची लाडकी रूपं. मुलाचं नाव शेजारी हॅम्नेट सॅडलर याच्यावरून ठेवलं होतं. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात ज्यांना अंगठीसाठी पैसे ठेवले त्यांत हाच माणूस 'हॅम्लेट सॅडलर' असा लिहिला आहे, आणि त्याच कागदाखाली साक्षीदार म्हणून तोच 'हॅम्नेट' अशी सही करतो. त्यामुळे डॅनिश 'आम्लेथ' इंग्लंडमध्ये आल्यावर त्याला 'ह' चिकटला, तो कानाला आधीच ओळखीच्या असलेल्या एका इंग्रजी नावाच्या ओढीने, असं मानणं सगळ्यात सरळ. आणि ते नाव लिहिताना बापाला काय वाटलं असेल हे आपापल्या मनाने ठरवावं, पुराव्याने नाही.

याच परिसरातली आणखी एक नोंद अभ्यासकांना मोह पाडते. डिसेंबर १५७९ मध्ये शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावाजवळ टिडिंग्टन इथे कॅथरिन हॅम्लेट नावाची तरुणी एव्हन नदीत बुडून मेली. आत्महत्या की अपघात याची चौकशी झाली. पाणी भरताना पाय घसरला असा निर्णय लागला, म्हणून तिला धर्मसंमत दफन मिळालं. ऑफेलियाच्या मरणावर कबर खोदणारे जो कीस पाडतात तो हाच. शेक्सपिअर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. योगायोग आहे की आठवण, हे सिद्ध करता येत नाही.

बापाचं नाव कुठे गेलं

नाटकात मेलेल्या राजाचं नावही हॅम्लेटच. सॅक्सोत तो होर्वेंडिल होता. हे फार मोठं नुकसान आहे, कारण होर्वेंडिल हे अख्ख्या यादीतलं सगळ्यात जुनं नाव. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणात तो आउरवांडिल आहे. थॉर हा देव त्याला टोपलीत घालून गोठलेल्या नद्या ओलांडत असताना त्याच्या पायाचं एक बोट बाहेर राहून गारठलं, थॉरने ते मोडून आकाशात फेकलं आणि त्याचा तारा झाला. जुन्या इंग्रजीत हाच शब्द 'एरेंडेल' असा, पहाटेच्या ताऱ्यासाठी येतो. २०२२ मध्ये हबल दुर्बिणीने शोधलेल्या अतिदूरच्या ताऱ्याला 'एरेंडेल' नाव दिलं गेलं, ते इथूनच.

बापलेकांना एकच नाव दिल्याने काय साधलं ते प्रयोगात दिसतं. भुतासमोर उभा राहून मुलगा त्याला 'हॅम्लेट' म्हणून हाक मारतो तेव्हा तो स्वतःचंच नाव घेत असतो. नॉर्वेतही हीच युक्ती आहे. मारला गेलेला राजा फॉर्टिनब्रास, सूड घ्यायला निघालेला मुलगाही फॉर्टिनब्रास. सॅक्सोतल्या कोलरच्या जागी आलेलं हे नाव फ्रेंच शब्दांतून घडवलेलं आहे, 'बाहूंनी बळकट'. आपल्या कानाला बाहुबली म्हटल्यावर जे ऐकू येतं तेच.

गर्ट्रूडचा प्रवास सोपा. गेरुथेच्या जागी उच्चाराने जवळचं, युरोपभर संतिणीमुळे माहीत असलेलं नाव आलं. त्यातला पहिला भाग जर्मानिक 'भाला' आणि दुसरा 'बळ'. राणीच्या स्वभावाशी त्याचा काही संबंध लावू नये.

राजाचं नाव प्रेक्षकाला कळतच नाही

संपूर्ण नाटकात क्लॉडिअस हे नाव एकही पात्र उच्चारत नाही. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला रंगसूचनेत ते येतं, पुढे तो सगळीकडे नुसता 'राजा'. १६०३ च्या छापील प्रतीत तर तेवढंही नाही. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला हे नाव ऐकायला मिळालंच नाही, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं. गंमत म्हणजे चौथ्या अंकात पत्रं आणून देणाऱ्या, रंगमंचावर कधीच न दिसणाऱ्या एका माणसाचं नाव संवादात येतं: क्लॉडिओ. बिचाऱ्या राजापेक्षा त्याचं नाव जास्त ऐकलं गेलं.

लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं याचा माग नाटकातच आहे. आईच्या खोलीत जाण्याआधी हॅम्लेट स्वतःला बजावतो की नीरोचा आत्मा माझ्यात शिरू देऊ नकोस. नीरो हा रोमन सम्राट क्लॉडिअसचा सावत्र मुलगा. क्लॉडिअसने इसवी सन ४१ ते ५४ राज्य केलं. त्याने नीरोची आई असलेली आपली सख्खी पुतणी अ‍ॅग्रिपिना हिच्याशी लग्न केलं, त्यासाठी रोमला नियम बदलावा लागला. पुढे तिनेच त्याला विषारी अळंबी खाऊ घातली असं जुने इतिहासकार लिहितात, आणि इसवी सन ५९ मध्ये नीरोने आईला ठार करवलं. निषिद्ध नात्यातलं लग्न, विष, सावत्र मुलगा आणि आईवरचा राग, चारही गोष्टी जुळतात. भावाच्या विधवेशी लग्न हे इंग्लंडच्या चर्चच्या नियमात निषिद्ध होतं आणि आठव्या हेन्रीच्या पहिल्या लग्नाचा सगळा तमाशा त्यावरच झाला होता. त्यामुळे हे नातं प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती.

चूक होते ती अर्थावर भर दिल्याने. लॅटिन 'क्लॉडस' म्हणजे लंगडा. सम्राट क्लॉडिअस खरोखर लंगडत चाले, म्हणून काही जण नाटकातल्या राजाच्या 'लंगड्या नीती'पर्यंत पोचतात. पण क्लॉडिअस हे रोमच्या एका मोठ्या घराण्याचं आडनाव होतं, त्या सम्राटाच्या पायावरून पडलेलं नव्हे.

पोलोनिअस आधी पोलोनिअस नव्हता

इथे छापील प्रतींची थोडी माहिती हवी. 'हॅम्लेट'च्या तीन जुन्या प्रती आहेत. पहिला क्वार्टो (त्या काळची छोट्या आकाराची छापील प्रत) १६०३ चा, सुमारे २२०० ओळींचा, वेडावाकडा आणि घाईचा. दुसरा क्वार्टो १६०४-०५ चा, सुमारे ३८०० ओळींचा. तिसरा १६२३ चा फोलिओ, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा मरणोत्तर एकत्रित ग्रंथ. पहिल्या क्वार्टोच्या दोनच प्रती जगात उरल्या आहेत आणि त्यातली पहिली १८२३ मध्ये सापडली. तोपर्यंत पुढची गोष्ट कुणालाच माहीत नव्हती: त्या प्रतीत मंत्र्याचं नाव कोरॅम्बिस आहे, आणि त्याच्या नोकराचं रेनाल्डोऐवजी मोंटानो.

बाकीची नावं तिथे फक्त बिघडलेली आहेत: ऑफेलियाची 'ओफेलिया', गर्ट्रूडची 'गर्ट्रेड', रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्नचे 'रॉसनक्राफ्ट' आणि 'गिल्डरस्टोन'. ऐकून लिहिताना किंवा आठवून सांगताना अशी मोडतोड होते. पण कोरॅम्बिसचा ऐकण्यात पोलोनिअस होणार नाही. हे नाव मुद्दाम बदललेलं आहे. जर्मनीत फिरलेल्या एका जुन्या रूपांतरातही मंत्री 'कोरॅम्बस'च आहे, म्हणजे हे नाव प्रयोगात खरोखर वापरात होतं.

कोरॅम्बिस कुठून आला? लॅटिनमध्ये 'पुन्हा गरम केलेली कोबी' असा वाक्प्रचार आहे, तेच ते कंटाळवाणं पुन्हापुन्हा बोलणाऱ्यासाठी. कोबीला 'क्रँबे' आणि दोनदाला 'बिस'. म्हाताऱ्याच्या बोलण्याला हे चपखल बसतं, आणि शेक्सपिअरने 'ऑल्स वेल' नाटकातही एका सैनिकी अधिकाऱ्याला ओझरतं 'कोरॅम्बस' हे नाव दिलं आहे. दुसरा एक गट त्यात राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड बर्ली याच्या 'कोर उनम' म्हणजे 'एकच हृदय' या ब्रीदवाक्याची टिंगल पाहतो. बर्लीने मुलासाठी उपदेशाची सूत्रं लिहिली होती, पोलोनिअसही लेअर्टीसला तसाच उपदेश करतो, म्हणून ही जोडणी लोकप्रिय आहे. माझ्या मते कोबीचं पारडं जड आहे, कारण ब्रीदवाक्यापर्यंत जायला शब्द फारच वाकवावा लागतो.

मग बदल का? यावरचा एक तर्क ऑक्सफर्डकडे बोट दाखवतो. पहिल्या क्वार्टोच्या मुखपृष्ठावरच छापलं आहे की नाटक केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांत झालं. ऑक्सफर्डच्या आद्य अध्यापकांपैकी १२ व्या शतकातला रॉबर्ट पुलन याचं लॅटिन नाव 'पोलेनिअस'. आणि त्या काळी तिथल्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा प्रमुख होता जॉन रेनॉल्ड्स, नाटकांचा कडवा विरोधक, ज्याने रंगभूमीविरुद्ध आख्खं पुस्तक छापलं होतं. (तरुणपणी १५६६ मध्ये राणीपुढे झालेल्या नाटकात याच गृहस्थाने स्त्रीभूमिका केली होती.) विद्यापीठात प्रयोग करताना बडबड्या मंत्र्याचं नाव पोलोनिअस आणि नोकराचं रेनाल्डो ही जोडी झोंबली असती, म्हणून ती बदलली असा हा तर्क. त्यात एक मोठी अट दडलेली आहे. मूळ नावं पोलोनिअस आणि रेनाल्डो असावी लागतात आणि कोरॅम्बिस, मोंटानो ही विद्यापीठापुरती घेतलेली सावधगिरी.  

दुसरा तर्क पोलंडचा. वावझिन्येत्स गोश्लित्स्की या पोलिश धर्माधिकाऱ्याने आदर्श राजसल्लागार कसा असावा यावर १५६८ मध्ये लॅटिन ग्रंथ लिहिला, त्याचं इंग्रजी रूप १५९८ मध्ये लंडनला आलं. आदर्श सल्लागाराच्या देशाचं नाव एका अतिशहाण्या सल्लागाराला देणं ही चांगली कोटी झाली असती. नाटकात पोलंड इतर दोन ठिकाणीही आहे: जुन्या राजाने बर्फावर पोलिश लोकांना चोपलेलं, आणि फॉर्टिनब्रास जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यासाठी पोलंडवर चालून जातो.

दोन खरे डॅनिश

रोझेनक्रान्ट्झ म्हणजे गुलाबांचा हार, गिल्डनस्टर्न म्हणजे सोनेरी तारा. ही दोन्ही डेन्मार्कची बडी सरदार घराणी. १५९२ मध्ये इंग्लंडला आलेल्या डॅनिश शिष्टमंडळात फ्रेडरिक रोझेनक्रान्ट्झ आणि क्नुड गिल्डनस्टिअर्ने हे दोघं बरोबर होते. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याच्या कोरीव छापचित्रात कमानीभोवती त्याच्या पूर्वजांच्या ढाली आहेत, त्यांतही ही दोन्ही नावं दिसतात. टायकोने त्या चित्राच्या प्रती १५९० मध्ये इंग्लंडला पाठवल्या होत्या.

तिसरा रस्ता नटांचा. १५८६ मध्ये विल केम्प, टॉमस पोप आणि जॉर्ज ब्रायन हे इंग्रज नट डेन्मार्कच्या राजाच्या चाकरीत एल्सिनोरला होते. दुसऱ्या फ्रेडरिकने क्रोनबोर्ग हा किल्ला नुकताच नव्याने बांधून घेतला होता. हे तिघं पुढे शेक्सपिअरच्याच मंडळीत आले. सॅक्सोची कथा जटलंडची आहे, एल्सिनोरची नव्हे. कथेचं ठिकाण बदललं आणि दरबारी आडनावं आली, ती या मार्गाने आली असणं शक्य आहे. तीन रस्त्यांपैकी एकच निवडायचा आग्रह धरायचं कारण नाही.

सॅक्सोच्या कथेतली सोबत्यांची जोडी इथे टिकली आणि तिला खऱ्या दरबाराची आडनावं मिळाली. जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठात शिकलेले सरदारपुत्र म्हणून ती शोभतातही, कारण डॅनिश खानदानी मुलं तिथे खरोखरच शिकायला जात.

उरलेली मंडळी

ऑफेलिया ग्रीक 'साहाय्य, लाभ' या अर्थाच्या शब्दावरून. हे नाव सान्नाझारो या इटालियन कवीच्या १५०४ च्या 'आर्केडिया'त येतं, मात्र तिथे ओफेलिया हा पुरुष आहे, गाणारा मेंढपाळ. त्याच पुस्तकात मोंटानोही आहे. पहिल्या क्वार्टोत दोन्ही नावं एकत्र दिसतात हे लक्षात घेण्यासारखं आहे. लेअर्टीस हा होमरच्या काव्यात ओडिसिअसचा म्हातारा बाप, इथे मात्र तो बापासाठी पेटून उठलेला मुलगा. होरेशिओ रोमन होरेशिअस घराण्यातून, शिवाय टॉमस किडच्या गाजलेल्या सूडनाट्यातही तो होता. शेवटी तो स्वतःला 'डॅनिश कमी आणि जुना रोमन जास्त' म्हणवतो, तेव्हा नाव आणि माणूस एका रेषेत येतात. ऑस्रिक हे अँग्लो-सॅक्सन राजांचं नाव, त्या फुलपाखरी दरबाऱ्याला विनोदानेच दिलेलं असावं. मेलेला विदूषक यॉरिक याच्या नावासाठी डॅनिश यॉर्ग आणि सॅक्सोतला राजा रोरिक असे दोन दावेदार आहेत.

हॅम्लेट राजापुढे नटांकडून जे करवतो त्या नाटकातल्या नाटकाचं मात्र थांबून पाहायला हवं. हॅम्लेट सांगतो की ही खरी घडलेली इटालियन हकीकत आहे, आणि तशी एक होतीही. १५३८ मध्ये उर्बिनोचा ड्यूक फ्रान्चेस्को मारिया देल्ला रोव्हेरे मेला. न्हाव्याने कानात विष ओतल्याचा आरोप झाला आणि सूत्रधार म्हणून लुइजी गोन्झागाकडे बोट दाखवलं गेलं. ड्यूकची बायकोही गोन्झागा घराण्यातलीच. नाटकात हे नाव मारणाऱ्याकडून मरणाऱ्याकडे गेलं: गोन्झागो हा ड्यूक आणि बळी. त्याच्या बायकोचं नाव बाप्टिस्टा, जे शेक्सपिअरनेच दुसऱ्या नाटकात एका बापाला दिलं आहे.

एखादं नाव स्वतः तपासायचं असेल तर

आधी सॅक्सो आणि बेलफोरे यांच्याकडे त्या जागी कोण आहे ते पाहा. मग तिन्ही जुन्या प्रतींत नाव कसं छापलंय ते शेजारी मांडा. तिन्हींची पानं ग्रंथालयांनी चित्ररूपात खुली केली आहेत. नुसता वर्णांचा फरक असेल तर तो छपाईचा किंवा कानाचा. नाव पूर्ण वेगळं असेल तर कुणीतरी बदललंय. तिसऱ्या पायरीला नाव संवादात बोललं जातं का ते शोधा. रंगसूचनेतलं नाव प्रेक्षकासाठी नसतं. त्यानंतर ते नाव १६०० च्या आधी इंग्लंडमध्ये कुठे भेटत होतं, चर्चच्या नोंदींत, दुसऱ्या नाटकांत, राजदूतांच्या याद्यांत. शब्दाचा अर्थ सगळ्यात शेवटी.

आजच्या पुस्तकाच्या सुरुवातीची पात्रयादी पुरावा म्हणून धरू नये. या तिन्ही जुन्या प्रतींत ती नाहीच, ती नंतरच्यांनी जोडली. रोझेनक्रान्ट्झचं आजचं नीटनेटकं रूपही नंतरच्या संपादकांचं. दुसऱ्या क्वार्टोत ते 'रोझेनक्राउस' असं काहीतरी आहे.

मराठीत नाटक आलं तेव्हा हीच प्रक्रिया पुन्हा झाली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतलं, ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून छापून आलं आणि हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींनी तो चंद्रसेन गाजवला. त्या प्रेक्षकाला सॅक्सोचा आम्लेथ किंवा रोमचा क्लॉडिअस ठाऊक असण्याची गरज नव्हती. लंडनच्या प्रेक्षकासाठी होर्वेंडिल आणि फेंगो जसे गळले, तसेच पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी हॅम्लेट हे नावही गळलं.